पायांवरच्या फुगलेल्या शिरा
पायातलं रक्त हृदयाकडे चढतं ते मुख्यतः पोटरीच्या स्नायूंच्या जोरावर. ते खाली परतू नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. त्या निकामी झाल्या की रक्त साचतं, शिरा फुगतात. हेच व्हेरिकोज व्हेन्स. तासन्‌तास उभं राहणाऱ्यांना आणि गरोदरपणात धोका अधिक. घोट्याजवळची त्वचा काळवंडली तर मात्र अजिबात थांबू नका, तिथेच पुढे महिनोन्‌महिने न भरणारी जखम होऊ शकते. बिघाड नेमका कुठे, हे कलर डॉप्लर तपासणीत दिसतं. पायावर दाब देणाऱ्या घट्ट स्टॉकिंग्जने त्रास कमी होतो, झडपा दुरुस्त होत नाहीत. लेसर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने खराब शीर आतून बंद करतात. रक्त इतर शिरांतून जातं. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. शीर फुटून रक्त आलंच, तर आडवं व्हा, पाय उंच धरा, जागा घट्ट दाबा आणि लगेच डॉक्टर गाठा.