शरदातील ग्रामवास : कऱ्हाकाठापासून भीमेच्या फुगवट्यापर्यंत

इसवी सन १९३६ मध्ये फ्रान्सच्या सरकारने कामकरी वर्गास वर्षातून दोन आठवडे भरपगारी रजेचा हक्क कायद्याने बहाल केला. आणि पुढे १९५१ मध्ये, आल्प्सच्या दक्षिणेकडील डोंगराळ मुलखात ओस पडू लागलेल्या शेतघरांची डागडुजी करून ती शहरी कुटुंबांस सुटीपुरती भाड्याने देण्याचा जो उपक्रम सुरू झाला, त्यातूनच १९५५ साली 'जीत द फ्रान्स' हा राष्ट्रव्यापी संघ उभा राहिला. पाहुण्याच्या सुखाइतकाच, किंबहुना त्याहूनही अधिक, शेतकऱ्याचा गावातला पाय टिकवण्याचा हेतू त्यामागे होता. तिकडील शरदाची सुटी १ नोव्हेंबरच्या सर्वसंतदिनाच्या आगेमागे येते, म्हणजे बहुधा आपल्या दिवाळीच्याच सुमारास.

मराठी कुटुंबास मात्र पैसे मोजून खेड्यात राहण्याची कल्पना दोन पिढ्यांपूर्वी हास्यास्पदच वाटली असती, कारण दिवाळीची सुटी म्हणजे आजोळ हे समीकरण ठरलेले होते. आता ज्यांचे नाव कोणत्याच सातबाऱ्यावर उरलेले नाही अशी बिऱ्हाडे पुण्या-मुंबईत उदंड झाली, आणि त्यांची ही उणीव ओळखून पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास बारामती तालुक्यातील पळशीवाडीस कृषी पर्यटनाचे केंद्र उभारले. राज्य सरकारचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली मंजूर झाले. दप्तराची चाल नांगराच्या मागूनच असायची, हे आपल्याकडे नवे नाही.

बारामतीची ख्याती नीरेच्या डाव्या कालव्याने पिकवलेल्या उसामुळे. परंतु कऱ्हाकाठचा हा कसबा त्याआधीही नावाजलेला होता, कारण कविवर्य मोरोपंतांनी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने आपले आयुष्य येथेच वेचले आणि १७९४ मध्ये येथेच देह ठेवला. दिवाळीच्या सुमारास आलेल्या पाहुण्यास हुरडा मिळत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. रब्बीची ज्वारी तेव्हा जेमतेम वीतभर असते, बाजरीची मात्र मळणी आटोपत आलेली असते, आणि कारखान्यांचे गाळप तोंडावर आल्याने ऊसतोड मजुरांच्या खोप्या रानोमाळ उभ्या राहू लागतात. पाहुण्यांसाठी जिथे काम थांबवत नाहीत तेच ठिकाण निवडावे; सजवलेल्या बैलगाडीतून मारलेल्या एका फेरीपेक्षा, यजमानीणबाई चुलीपुढे भाकरी थापीत असताना पिठाने पांढऱ्या झालेल्या परातीशेजारी बसून काढलेला तास कितीतरी पटीने विश्रांतीचा ठरतो.

शेजारच्या इंदापूर तालुक्याचा स्वभाव निराळा. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे ज्या भूमीवर धारातीर्थी पडले, त्या या तालुक्यात बागायतीला लागूनच रूक्ष माळ पसरलेले आहेत. कडबनवाडीच्या माळावर चिंकारा दिसतो, नशीब असेल तर लांडगाही. वनखात्याने तेथे, तसेच बारामतीकडील शिर्सुफळला, गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. पडीक म्हणून हिणवलेल्या जमिनीचे मोल ओळखण्यास आपल्याला इतका काळ लागावा, हे खेदजनक खरे. आश्विन-कार्तिकात हे गवत सोन्याच्या रंगावर आलेले असते, आणि त्यातून चार पावले टाकताच पायजम्याला चिकटलेली कुसळे, ओलीने फिरत-सरळ होत कापडात अशी शिरतात, की संध्याकाळी अवघे कुटुंब ओसरीवर ती वेचीत बसते. या उद्योगास शहरात कोणी करमणूक म्हणणार नाही, पण मुले त्यात रमतात.

उत्तरेस भीमेवरील उजनी धरणाचा फुगवटा. १९८० च्या सुमारास पूर्ण झालेल्या आणि सुमारे ११७ टीएमसी पाणी साठवणाऱ्या या जलाशयाखाली गावे गेली, पळसदेवचे जुने मंदिर गेले. ते उन्हाळ्यात पाणी हटले की उघडे पडते. भिगवण आणि कुंभारगाव येथे रोहित पक्षी पाहावयास मिळतात ही कीर्ती ऐकून दिवाळीतच धावणाऱ्यांची बहुधा निराशा होते. तेव्हा पावसाचे पाणी काठोकाठ असते. शेती-पिण्यासाठी ते सोडले जाऊन काठची दलदल उथळ झाल्याखेरीज, वाकड्या चोचीने चिखलपाणी गाळून खाणाऱ्या या पक्ष्यास तेथे अन्न नाही. मोठे थवे पाहावयाचे तर पौष-माघ गाठावा. शरदात चित्रबलाक, बगळे, आणि उत्तरेकडून नुकती येऊ लागलेली बदके यांवर समाधान मानावे, आणि दुपारी भिगवणात चिलापीचा झणझणीत रस्सा ओरपून, परतीची घाई न करता, खुशाल आडवे व्हावे.