ज्युनियर कॉलेज : मोठ्या संघाकडे जाणारी दुसरी वाट

अमेरिकेत शाळेनंतर थेट मोठ्या विद्यापीठाच्या संघात जागा न मिळालेले अनेक खेळाडू आधी दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजात खेळतात. बोलीभाषेत त्याला ‘जूको’ म्हणतात.

● संघटना : एनजेसीएए (ज्युनियर कॉलेजांची राष्ट्रीय क्रीडा संघटना); स्थापना १९३८, फ्रेस्नो (कॅलिफोर्निया).

● शिष्यवृत्ती : पहिल्या विभागात फी, पुस्तके आणि राहण्या-जेवण्याचाही खर्च मिळू शकतो, दुसऱ्यात फी व पुस्तके, तिसऱ्यात खेळासाठी काहीच नाही.

● अभ्यास : ज्युनियर कॉलेजातून एनसीएए या विद्यापीठांच्या क्रीडा संघटनेच्या पहिल्या विभागात जाण्यासाठी ४ पैकी किमान २.५ ग्रेड सरासरी लागते.

● ॲरन रॉजर्स (अमेरिकन फुटबॉल) : बर्कले विद्यापीठाचे प्रशिक्षक जेफ टेडफर्ड ब्यूट कॉलेजात दुसऱ्याच खेळाडूला पाहायला गेले आणि नजर रॉजर्सवर खिळली. २००३ मध्ये तो बर्कलेच्या संघात आला.

● कॅम न्यूटन (अमेरिकन फुटबॉल) : २००९ मध्ये ब्लिन कॉलेजला राष्ट्रीय विजेतेपद, २०१० मध्ये ऑबर्न विद्यापीठाकडून खेळताना सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूचा हाइजमन करंडक.

● डिएगो पाविया (अमेरिकन फुटबॉल) : जूकोतील वर्षे एनसीएएच्या खेळण्याच्या मुदतीत धरण्याविरुद्ध तो न्यायालयात गेला. डिसेंबर २०२४ मध्ये टेनेसीतील संघीय न्यायालयाने त्याला आणखी एक हंगाम खेळू दिला.

लक्षात ठेवा : कॉलेज निवडताना मैदानाआधी श्रेयांक पाहा. पुढच्या विद्यापीठाने ते मान्य केले नाहीत, तर चांगला खेळही अडकून पडतो.