‘ते’ खेळणे

ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शाळेच्या बालवर्गात आपले सारे आयुष्य वेचले. त्यांच्यापाशी मी धुळाक्षरे गिरविली. यंदाच्या व्याख्यानाचा विषय शाळेने माझ्यावर सोपविला, तेव्हा संतवाङ्मय किंवा व्याकरण यांपैकी काही मी निवडीन अशी संयोजकांची अपेक्षा असावी. मी ‘लहान मुलांची खेळणी’ हा विषय कळविला, याचे काहींना नवल वाटले. त्याचे कारण आधी सांगतो. ते सांगताना व्याकरणही थोडेसे येईलच, कारण जन्मभराची सवय सुटत नाही.

दोन वर्षांपूर्वी नातीच्या आठव्या वाढदिवसासाठी भेटवस्तू घ्यावयास मी एका दुकानात गेलो. दुकानदाराने पहिला प्रश्न केला, “मुलगा की मुलगी?” वय त्याने नंतर विचारले, आवड तर विचारलीच नाही. मीही काही विचार न करता “मुलगी” म्हणालो आणि त्याने दाखविलेल्या गुलाबी कप्प्यातून एक उंच, सडपातळ, सोनेरी केसांची बाहुली घेऊन घरी आलो. नातीला ती फार आवडली. चार दिवसांनी सणाच्या जेवणाला ती बाहुलीला मांडीवर घेऊन बसली होती. पानावर पुरणपोळी वाढली, तेव्हा बाहुलीच्या कमरेभोवती दोन बोटे धरून ती म्हणाली, “आजोबा, हिच्या पोटात जागाच नाही. मग ही जेवते कुठं?” सगळे हसले, मीही हसलो. मग तिने आपल्या पोटावर हात ठेवला आणि अर्धी पोळी पानात तशीच सोडली. कोणी काही बोलले नाही. मला मात्र ती अर्धी पोळी पुढे कित्येक दिवस दिसत राहिली. ती बाहुली मीच आणली होती.

मराठीत ‘खेळणे’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे. आपण ‘ते खेळणे’ म्हणतो. प्रत्येक खेळण्याला नाव मिळाले की लिंगही मिळते: तो चेंडू, तो भोवरा, तो दांडू, ती बाहुली, ती गोटी, ती विटी. दांडू मारतो आणि विटी उडते, हा योगायोगच समजावा. व्याकरणातील लिंग आणि निसर्गातील लिंग एक नव्हे, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो. तरीही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आपल्या भाषेत सुरा मोठा आणि सुरी लहान, डबा मोठा आणि डबी लहान, गाडा अवजड आणि गाडी हलकी. वस्तू लहान झाली की पुष्कळदा तिला स्त्रीलिंगी प्रत्यय लागतो. लहान, नाजूक, हलके म्हणजे ‘ती’, हा धडा मूल शाळेत येण्यापूर्वीच शिकलेले असते. हाच धडा खेळणी शब्दांवाचून शिकवितात, आणि तोही हातात धरून, रोज, आनंदाच्या घटकेला. म्हणून तो विसरला जात नाही.

माझ्या लहानपणी बेळगावात आमच्या घरी दोन प्रकारची लाकडी खेळणी होती. गोकाकची रंगविलेली फळे कपाटात मांडलेली असत. ती पाहण्यासाठी होती. आंबोली घाटाने सावंतवाडीहून आलेली भातुकली मात्र खेळण्यासाठी होती. चूल, पोळपाट, जाते, उखळ, सारे लाखेच्या रंगाने चकचकणारे. ती भातुकली अक्काची. मी तिच्याहून दोन वर्षांनी धाकटा. मला त्या इवल्याशा जात्याचे विलक्षण आकर्षण होते, आणि अक्काचीही ना नव्हती. एके दिवशी आत्याने मला चुलीपाशी पाहिले. तिने ओरडून नव्हे, हसतच म्हटले, “हा बायल्या कुठला आमच्यात आला?” आप्पाही हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला भोवरा आणून दिला. मला कोणी मारले नाही, रागावले नाही. परंतु त्या हसण्यानंतर मी जात्याला हात लावला नाही. पुढे कळले, की अक्कालाही भोवरा फिरवायचा होता. तिला तो कोणी आणून दिला नाही.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. या विषयावर जगात सर्वाधिक चर्चा झाली ती बार्बी या अमेरिकन बाहुलीची. मॅटेल कंपनीने ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात ती प्रथम मांडली. तिची कल्पना रूथ हँडलर यांची. आपली मुलगी कागदी बाहुल्यांना मोठ्या बायकांच्या भूमिका देऊन खेळते, हे त्यांनी पाहिले होते. तोवर मुलींच्या हाती मुख्यतः तान्ह्या बाळाची बाहुली असे; म्हणजे मुलीने खेळात व्हायचे ते आईच. मुलीला मोठेपणाची आणखी रूपे कल्पिता यावीत, हा हँडलर यांचा हेतू होता, आणि तो वाईट म्हणता येणार नाही. मात्र त्या हेतूला त्यांनी जे शरीर दिले ते जर्मनीतील लिली नावाच्या बाहुलीवरून घेतलेले होते. १९५५ साली बाजारात आलेली ती बाहुली प्रौढ वाचकांच्या एका वृत्तपत्रातील व्यंगचित्रमालिकेतून जन्मली होती. प्रौढांच्या करमणुकीसाठी घडलेली आकृती अशा रीतीने लहान मुलींच्या हाती आली.

हेतू आणि शरीर यांतील हा विरोध पुढे वारंवार दिसतो. १९६५ साली बार्बी अंतराळवीर झाली. माणूस चंद्रावर उतरण्यापूर्वी चार वर्षे! त्याच वर्षी निघालेल्या दुसऱ्या एका संचात तिच्याबरोबर वजनकाटा होता. त्याचा काटा ११० पौंडांवर, म्हणजे सुमारे ५० किलोंवर, कायमचा थांबविलेला. सोबत वजन कमी करण्याविषयीचे एक चिमुकले पुस्तक होते आणि त्यातील सल्ला एवढाच, की खाऊ नका. १९९२ साली बोलणारी बार्बी आली. तिच्या वाक्यांत गणिताचा तास अवघड असतो अशा आशयाचे एक वाक्य होते. अमेरिकेतील विद्यापीठीय स्त्रियांच्या संघटनेने आक्षेप घेतला आणि कंपनीने ते वाक्य काढून टाकले. वाक्य काढता आले, कारण ते ऐकू येत होते. कमरेचा घेर काही बोलत नाही. म्हणून त्यावर आक्षेप घेणे अधिक कठीण. साडी नेसलेली बार्बी आपल्याकडेही आली. वस्त्र बदलले, शरीर तेच राहिले.

या शरीराचा परिणाम खरोखर होतो काय? १९९६ साली काही संशोधकांनी बार्बीची मापे प्रौढ स्त्रीच्या उंचीला नेऊन ताडून पाहिली. तसे शरीर आढळण्याची शक्यता लाखात एकाहूनही कमी निघाली. तिचा जोडीदार केन याच्यासारखा देह सुमारे पन्नासांत एका पुरुषाचा असू शकतो, असेही त्यांना दिसले. २००६ साली इंग्लंडमधील एका अभ्यासात साडेपाच ते साडेआठ वर्षांच्या १६२ मुलींचे तीन गट केले. एका गटाला बार्बीची चित्रे दाखविली, दुसऱ्याला भरल्या अंगाच्या एका बाहुलीची, आणि तिसऱ्या गटाच्या चित्रांत बाहुलीच नव्हती. बार्बीची चित्रे पाहिलेल्या लहान मुलींना स्वतःच्या शरीराविषयी कमी समाधान वाटले आणि आपण अधिक बारीक असावे असे वाटले. मोठ्या वयाच्या मुलींत हा तात्कालिक परिणाम तसा दिसला नाही. एखाद्या प्रयोगावरून सारे सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. २०१४ साली अमेरिकेत झालेल्या दुसऱ्या प्रयोगात तर ३७ मुलीच होत्या, चार ते सात वर्षांच्या. काहींना पाच मिनिटे बार्बीशी, काहींना बटाट्याच्या आकाराच्या एका खेळण्याशी खेळू दिले. मग विचारले, मोठेपणी तुला कोणकोणती कामे करता येतील, आणि मुलाला कोणकोणती? बार्बीशी खेळलेल्या मुलींनी स्वतःसाठी मुलांपेक्षा कमी कामे सांगितली. बार्बीच्या अंगात डॉक्टरचा झगा असला, तरी फरक पडला नाही.

मुलगे यातून सुटले, असे कोणी समजू नये. १९६४ साली हॅस्ब्रो कंपनीने मुलग्यांसाठी जी. आय. जो हा सैनिक काढला. मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत, या भीतीने त्याला बाहुली म्हणावयाचे नाही असे ठरले आणि ‘ॲक्शन फिगर’ हे नाव योजण्यात आले. भाषेच्या अभ्यासकाला यात पुष्कळ दिसते. वस्तू तीच, कपडे बदलता येणारी, हातपाय वळविता येणारी. परंतु मुलीच्या हाती ती बाहुली, आणि मुलाच्या हाती ‘कृती’ करणारी आकृती. पुढे या आकृतीचे स्नायू वाढत गेले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ही मापे माणसाच्या उंचीला नेऊन पाहिली. जुन्या सैनिकाचा दंड सुमारे १२ इंचांचा होता; १९९० च्या दशकातील एका प्रकारात तो सुमारे २७ इंचांचा झाला होता. एवढा दंड कोण्या नामांकित मल्लाचाही नसतो. मुलीला सांगितले गेले, तू कमी हो. मुलाला सांगितले गेले, तू वाढ. आहे तसा पुरेसा आहेस, हे दोघांनाही कोणी सांगितले नाही.

मुलगा आणि मुलगी यांत उपजत भेद असतील, मग खेळण्यांत का नसावेत, असा प्रश्न येथे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. काही कल जन्मतः असू शकतो, हे मी नाकारीत नाही. परंतु जो कल निसर्गाचा आहे त्याला फलकाची गरज काय? अमेरिकेतील सिअर्स कंपनीचे खेळण्यांचे जुने कॅटलॉग एका संशोधिकेने तपासले. १९७५ साली त्यांतील दोन टक्क्यांहून कमी खेळणी उघडपणे मुलग्यांची किंवा मुलींची म्हणून मांडलेली होती. त्यानंतरच्या दशकांत ही विभागणी पुन्हा वाढत गेली. पन्नास वर्षांत निसर्ग बदलत नाही, दुकान बदलते. भावाची निळी सायकल बहिणीला चालेनाशी झाली, की दुसरी गुलाबी सायकल खपते. व्यापाऱ्याचा हिशोब साधा आहे, आणि त्यासाठी त्याला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. त्याच्या प्रश्नाला उत्तर आपण देतो.

हे बदलता येत नाही, असेही नाही. मॅटेलने जानेवारी २०१६ मध्ये बार्बीची उंच, लहानखुरी आणि भरल्या अंगाची अशी तीन नवी रूपे काढली. कॅलिफोर्नियात २०२१ साली झालेल्या आणि १ जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार मोठ्या दुकानांना मुलगा-मुलगी असा भेद नसलेला खेळण्यांचा एक विभाग ठेवावा लागतो. महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघे मिळून भाजी निवडत असल्याचे चित्र आले, तेव्हा त्याची बातमी झाली. त्याचेच मला थोडे वाईट वाटले. कारण ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम केले, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, तेव्हापासून झाडणे, धुणे, निवडणे ही कामे बालवाडीतील सर्व मुलांची मानली गेली. माँटेसोरी पद्धतीचा तो पायाच आहे.

आमच्या बाईंपाशी एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात भोवरे, ठकी, चेंडू, लाकडी चूल, सारे एकत्र. ट्रंक उघडून त्या बाजूला बसत आणि कोण काय उचलतो इकडे पाहतही नसत. वर्गात मी पुन्हा जात्यापाशी गेलो. तेथे कोणी हसले नाही. दुर्दैवाने तो वर्ग दोनच वर्षांचा होता, आणि घर जन्माचे.

तीन वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली. दिवसकार्य आटोपून पाहुणे परतले आणि पहिल्या एकट्या सकाळी मी स्वयंपाकघरात उभा राहिलो. चहाची पूड कोणत्या डब्यात आहे, हे एकाहत्तराव्या वर्षी मला ठाऊक नव्हते. पन्नास वर्षांच्या संसारात त्या खोलीत मी पाहुण्यासारखा येत-जात होतो. एक-एक डबा उघडून पाहताना मला ते सावंतवाडीचे जाते आठवले. त्या दिवशी माझ्या हातून एक खेळणे गेले, एवढेच मी समजत होतो. अर्धे घर गेले होते. आता मी भात करतो, आमटी करतो, आणि नात सुट्टीत आली की पोळ्या लाटायला आम्ही दोघे बसतो. तिची गोल होते, माझी होत नाही. गेल्या खेपेला तिने आपण लाटलेली पोळी पूर्ण खाल्ली.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आता आजी-आजोबा झाले असतील. त्यांना एकच विनंती. ‘मूल’ हा शब्द मराठीत नपुंसकलिंगी आहे. बाळ, लेकरू, पोर हेही तसेच. खेळणेही ‘ते’ आणि खेळणारे मूलही ‘ते’; त्या दोघांमध्ये लिंग आपण आणतो. दुकानात जाल तेव्हा दुकानदार विचारील, “मुलगा की मुलगी?” त्याला सांगा, “मूल आहे. आठ वर्षांचे. त्याला काय आवडते ते सांगतो, ते दाखवा.”