पाणी ढकलणारी हवा

कात्रज-कोंढवा रस्त्यावरच्या एका वॉशिंग सेंटरमध्ये एक माणूस काळ्या गाडीच्या आरशाशी वाकून उभा होता. हातात ब्लोअर, खांद्यावर कोरडं फडकं, पण फडक्याला तो हात लावत नव्हता. गाडी तर कोरडी दिसत होती. तरी त्याने ब्लोअरचं तोंड आरशाच्या सांध्यापाशी धरलं आणि आतून पाण्याची एक धार दरवाजावर उतरली. मग आणखी एक. एवढं पाणी तिथे कुठे बसलं होतं, हे विचारायला मी आत गेलो आणि पुढे जातच राहिलो.

सगळे त्यांना मामा म्हणतात. खालून वॉशिंग, फोम, प्रेशरचं पाणी, आतून व्हॅक्यूम, हे पोरं उरकतात. गाडी कोरडी करायची वेळ आली की ती मामांकडे येते.

"चाळीस मायक्रॉन," मामा मला म्हणाले होते. रंगावर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, त्याची ही जाडी. कुठल्या गाडीला पन्नासही असेल, पण माणसाचा केस बहुधा याहून जाड भरतो. धुतल्यावरही पत्र्यावर बारीक कच राहते. फडकं फिरलं की ती कच फिरते, आणि महिन्याभराने उन्हात गाडीवर गोल गोल चरे चमकू लागतात. ते घालवायला पॉलिश करायचं म्हणजे त्या चाळीस मायक्रॉनमधलंच थोडं घासून टाकायचं. म्हणून मामा फडक्याला शेवटी बोलावतात, राहिलेला एखादा थेंब टिपण्यापुरतं.

सेंटरला पाणी बोअरचं. आपल्या काळ्या कातळातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब बॉनेटवर जागच्या जागी वाळला की पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि पांढरी कडी उमटते. ताजी असेल तर निघते. उन्हात तापत राहिली तर क्लिअर कोटमध्ये खड्डा पाडते, मग पुन्हा पॉलिश, पुन्हा ते चाळीस मायक्रॉन. तेव्हा ब्लोअरने पाण्याची वाफ करायची नसते. पाणी पाण्याच्याच रूपात, त्यातल्या क्षारांसकट, गाडीवरून खाली ढकलायचं असतं. ब्लोअर निवडताना हे एक कळलं की निम्मी दुकानदारी गळून पडते. गरम हवेची जाहिरात करणारं यंत्र लागतच नाही. मोटरवरून आलेली हवा थोडी कोमट असते, तेवढी थंडीत बरी. हीट गन तर रंगाजवळ आणूच नये.

मी जात होतो त्या दिवसांत सेंटरच्या मालकांना, शेठना, नवा ब्लोअर घ्यायचा होता. जुना सारखा तापायचा. मोटरमधले कार्बन झिजले की जळकट, किंचित तुरट असा वास येतो. शाम्पूच्या गोड वासात मिसळलेला तो वास मला अजून कुठेही आला तरी मामांचा वाकलेला खांदा आठवतो.

शेठचा पहिला विचार होता, कॉम्प्रेसर आहेच की, गन लावू. कॉम्प्रेसरमध्ये शंभर पीएसआयच्या वर दाब असतो, पण गनच्या बारीक भोकातून हवा येते जेमतेम. ती फटीतलं पाणी उडवते, पण सबंध छतावरचं पाणी तिने हलायला संध्याकाळ होईल. शिवाय हवा दाबली की तिच्यातली वाफ टाकीत पाणी होऊन साठते, पावसाळ्यात तर फारच, आणि पिस्टनचं तेलही थोडं हवेबरोबर येतं. टाकीचा कॉक रोज उघडून पाणी काढलं नाही, पुढे फिल्टर बसवला नाही, तर नुकत्या धुतलेल्या गाडीवर तेलकट तुषार उडतो. ब्लोअरचं उलट आहे. त्यात दाब थोडा, पण हवा भरपूर. सहाशे वॉटचा हातातला चांगला ब्लोअर मिनिटाला साडेतीन घनमीटरपर्यंत हवा फेकतो. एसी आणि कॉम्प्युटर साफ करायला हाच वापरतात. एका घरच्या गाडीला तो पुरतो, हे मी निःशंक सांगेन.

खोक्यावरच्या हॉर्सपॉवरच्या आकड्यावर मात्र माझा विश्वास बसत नाही. एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॉट. आठ हॉर्सपॉवर लिहिलं असेल तर यंत्राने सहा हजार वॉटच्या आसपास वीज खायला हवी, आणि आपलं 16 अँपिअरचं सॉकेट 230 व्होल्टला पुरे 3700 वॉटही देत नाही. म्हणून मागची पाटी वाचावी, वॉट बघावेत, हवा घनमीटरमध्ये किती ते बघावं. पंधराशे वॉटच्या यंत्राला घरातलं 6 अँपिअरचं साधं सॉकेट पुरणार नाही, हेही तिथेच कळतं. आणि पायाखाली पाणी असताना अर्थिंग आणि वीज गळली की पुरवठा तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल, तर कुठलाच ब्लोअर घेऊ नये.

झाडाची पानं उडवायचे बॅटरीचे ब्लोअर एका पोराने मोबाइलवर दाखवले. वायर नाही, हे खरं सुख. पण 18 व्होल्ट, चार अँपिअर-तासांच्या बॅटरीत 72 वॉट-तास असतात. सहाशे वॉटने खेचली तर सात मिनिटांत संपली. शिवाय त्यातल्या बहुतेकांना आत येणाऱ्या हवेसाठी फिल्टर नसतो. आमच्या रस्त्याला बांधकामाची धूळ सतत उडते. ती आत ओढून ओल्या रंगावर मारायची, तर मग फडक्याने काय वाईट केलं होतं? धुता येणारा स्पंजचा फिल्टर आणि तोंडाला रबर, या दोन गोष्टींवर मामा अडून बसले होते. हात चुकला तर रबर टेकेल, प्लॅस्टिक चरा पाडेल.

स्वतःसाठी त्यांनी काहीच मागितलं नाही. ते मागणं मला त्यांच्या हातात दिसत होतं. जेमतेम दोन किलोचं यंत्र, पण छतावर धरायचं म्हणजे हात खांद्याच्या वर. दिवसात एकामागून एक गाड्या. काम संपल्यावर मामा उजवं मनगट डाव्या हाताने दाबत बसतात. आणि मी दोनदा विचारल्याशिवाय त्यांना ऐकू जात नाही. 85 डेसिबल आवाजात आठ तास काम चालतं, त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, असा कामगारांच्या कानांसाठीचा एक मानलेला हिशेब आहे. 94 डेसिबलला उरतो एक तास. हे ब्लोअर कानाशी सहज नव्वदीच्या घरात ओरडतात. गाडीच्या चाळीस मायक्रॉनची काळजी घेणारा माणूस स्वतःच्या कानांची काळजी न घेता रोज तिथे उभा राहतो, याचा मला राग येतो.

म्हणून शेठनी मला विचारलं तेव्हा मी चाकांवरच्या ब्लोअरचं नाव काढलं. मोटरी जमिनीवर ठेवलेल्या पेटीत, हवा लांब नळीतून, फिल्टर आतच, वेग कमीजास्त करायचा खटका. छताला पूर्ण जोर, नंबरप्लेट आणि टेललॅम्पच्या फटीला कमी. हातात फक्त नळी. किंमत हातातल्या ब्लोअरपेक्षा कितीतरी जास्त, आणि शेठ बराच वेळ हिशेब मांडत राहिले. मामांनी एका सेंटरवर जाऊन ती नळी हातात धरून पाहिली. परत येऊन म्हणाले, "शेठ, वजनच नाही हो. पण ती गाडीला घासली तर चरा पडेल. खांद्यावरून घ्यायला पट्टा पाहिजे."

पेटी मागवली. पट्टा सेंटरमागच्या शिंप्याने जुन्या सीटबेल्टचा शिवून दिला. कानावर लावायचे मफ त्याच बिलात लिहायला मी शेठना सांगितलं. त्यांनी दोन जोड लिहिले, एक मामांना आणि एक मामांच्या हाताखाली शिकणाऱ्या पोराला.