पक्षाघात, अल्पकालिक

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तात्पुरता खंडित झाल्याने उद्‌भवणारा व आपोआप ओसरणारा विकार. ग्रीवा रोहिणीतून किंवा हृदयातून आलेली रक्ताची गुठळी हे याचे नेहमीचे कारण होय. तोंड एका बाजूस वाकडे होणे, एका बाजूच्या हातापायांतील शक्ती जाणे, वाचा अडखळणे किंवा एका डोळ्यापुढे अंधारी येणे ही लक्षणे एकाएकी दिसतात व बहुधा तासाभरात नाहीशी होतात. वेदना नसल्यामुळे ‘हाताला मुंग्या आल्या’ असे समजून रोगी स्वस्थ राहतो. खरा धोका येथेच आहे. कारण कायमच्या पक्षाघाताचा संभव पुढील ४८ तासांत सर्वाधिक असतो. म्हणून लक्षणे ओसरली तरी रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. लक्षणे टिकून राहिल्यास ती सुरू झाल्याची वेळ महत्त्वाची ठरते. गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः पहिल्या ४·५ तासांतच देतात. मेंदूत रक्तस्राव नसल्याची सीटी स्कॅनने खात्री होईपर्यंत घरी ॲस्पिरीन देऊ नये.