घरच्या संगणकातील संरक्षित फाइली

घरचा संगणक अडखळू लागला की दुरुस्ती करणारे बरेचदा थेट 'फॉरमॅट' सुचवतात. त्यात विद्यार्थ्यांचे प्रकल्प, दाखल्यांच्या प्रती पुसल्या जाण्याची भीती असते. दोष विंडोजच्या मूळ फाइलींत असेल, तर आधी घरच्या घरी एक उपाय करून पाहावा.

'विंडोज २०००' पासून या फाइलींवर पहारा आहे. तेव्हा त्यांच्या प्रती 'डीएलएलकॅश' फोल्डरात असत. व्हिस्टापासून (२००७) हा साठा 'विनएसएक्सएस' फोल्डरात असतो. बँकेत खातेवहीची दुसरी प्रत तिजोरीत ठेवीत, तसाच हा प्रकार. 'कमांड प्रॉम्प्ट' अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावा आणि 'एसएफसी /स्कॅननाऊ' ही आज्ञा रोमन अक्षरांत द्यावी. बिघडलेली फाइल साठ्यातील प्रतीवरून पूर्ववत होते. साठाच बिघडला असेल, तर विंडोज ८ (२०१२) पासून 'डिसम'मध्ये 'रिस्टोअरहेल्थ' ही सोय आहे. तिला बहुधा इंटरनेट लागते.

'सी' ड्राइव्ह भरला म्हणून हे फोल्डर मात्र हलवू वा पुसू नयेत. 'विनएसएक्सएस'चा दिसणारा आकार फसवा असतो, कारण एकच फाइल दोन ठिकाणी मोजली जाते. जागा हवी असल्यास 'डॉक्युमेंट्स'च्या प्रॉपर्टीजमध्ये 'लोकेशन' निवडून ते फोल्डर 'डी' ड्राइव्हवर न्यावे. जुन्या फाइलीही हलवायच्या का, असे विचारले जाते. तिथे होकार द्यावा.