बाटली सुटल्यानंतरचे ताट

भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात दारूची सवय आणि खाण्याची सवय बहुधा एकाच टेबलावर वाढतात. सेकंड शिफ्ट सुटल्यावर क्वार्टर मागवली जाते. सोबत खारे शेंगदाणे, मसाला पापड, चिकन चिली येते आणि मध्यरात्रीच्या सुमारास अंडाभुर्जी-पाव किंवा बिर्याणी. पुढे काही वर्षांनी हाच माणूस साखर वाढली म्हणून एका डॉक्टरकडे जातो आणि लिव्हरला सूज आली म्हणून दुसऱ्याकडे. दोन्ही तक्रारींची मुळे त्याच टेबलापाशी असली, तरी उपचार मात्र वेगवेगळे सुरू होतात. पहिल्याने खाण्याची चौकशी केलेली असते, दुसऱ्याने पिण्याची. दोन्ही एकत्र क्वचितच विचारले जाते.

या पट्ट्याची घडण समजल्याशिवाय सवयीची घडण समजत नाही. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. 1960च्या दशकात एमआयडीसीने भोसरी परिसरात भूखंड पाडले, टेल्को आणि बजाज आल्या आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो लहान वर्कशॉपं भोसरीत वसली. नंतर चाकणची भर पडली. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आणि परराज्यांतून आलेली तरुण मुले येथे कॉट बेसिसवर राहतात आणि मेसचा डबा खातात. 1948च्या कारखाने कायद्याने कँटीनची सक्ती केली होती ती 250हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना. भोसरीतली बहुतेक वर्कशॉपं त्याहून कितीतरी लहान. त्यामुळे गेटबाहेरचा वडापाव, क्रीमरोल आणि दर दोन तासांनी कटिंग चहा हेच अनेकांचे दिवसभराचे जेवण ठरते. कपात दोन चमचे साखर धरली, तर सहा कपांतून सुमारे 60 ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला 2000 उष्मांक घेणाऱ्यासाठी वरच्या साखरेची मर्यादा 50 ग्रॅमपर्यंत धरली आहे आणि 25 ग्रॅमच्या आत राहणे चांगले, असे म्हटले आहे. महिन्याच्या 7 ते 10 तारखेच्या दरम्यान पगार, गुरुवारची साप्ताहिक सुट्टी आणि घरापासून दूरची रिकामी खोली, हे तिन्ही एकत्र आले की पिण्याला वेगळे कारण लागत नाही.

दारूत पोषण नाही, उष्मांक मात्र भरपूर आहेत. एक ग्रॅम अल्कोहोलमधून 7 उष्मांक मिळतात. पिठा-साखरेतून 4 आणि तेला-तुपातून 9. 42.8 टक्के अल्कोहोलच्या 180 मिलिलिटर व्हिस्कीत सुमारे 60 ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे जवळजवळ सव्वाचारशे उष्मांक. मध्यम आकाराच्या तीन भाकऱ्यांएवढे. शरीर अल्कोहोल साठवून ठेवू शकत नाही, म्हणून यकृत आधी ते जाळते. त्या वेळात चकण्यातली चरबी जाळायची राहते आणि यकृतात साचत जाते. जो रोज पिऊनही जेवण सोडत नाही, त्याचे पोट सुटते. जो जेवण टाळून नुसता पितो, तो वाळत जातो. अल्कोहोल यकृताला नवी साखर तयार करू देत नाही. उपाशीपोटी पिणाऱ्याची रक्तातली साखर त्यामुळे पहाटे धोकादायकरीत्या उतरू शकते. दोघांची शरीरे वेगळी दिसतात, पण यकृत दोघांचेही बिघडते.

पोट सुटलेले नसले म्हणजे सगळे ठीक, असेही मानता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटे पण बोलके टिपण प्रसिद्ध केले. दोघांचा बीएमआय एकच होता, 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. काटक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटात चरबी लपलेली असू शकते, हे या एका उदाहरणाने जगाला दाखवले. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय 23 झाला की सावध व्हायला सांगतात आणि पुरुषाच्या कमरेचा घेर 90 सेंटिमीटरच्या, बाईचा 80च्या आत असावा असे मानतात. भोसरीच्या मेसमध्ये जेवणाऱ्या सडपातळ मुलालाही ही मोजपट्टी लागू आहे.

दारूचे अवलंबित्व हा स्वभावाचा दोष नाही, मेंदूत झालेला बदल आहे. मेंदूत शांत करणारी आणि चेतवणारी, अशी दोन प्रकारची रसायने काम करतात. दारू शांत करणाऱ्यांना जोर देते. रोज पिणाऱ्याचा मेंदू तोल सांभाळण्यासाठी चेतवणारी बाजू वाढवून ठेवतो. मग तेवढ्याच नशेसाठी अधिक दारू लागते आणि दारू न मिळाल्यास ती वाढलेली बाजू मोकाट सुटते. सकाळी हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळते आणि एक घोट पोटात गेला की सगळे थांबते. सकाळचा हा घोट म्हणजे अवलंबित्व पक्के झाल्याची खूण. दारू किती पितो, यापेक्षा ती न मिळाल्यास काय होते, हे विचारले तर निदान लवकर होते.

येथे एक धोका फारसा बोलला जात नाही. आषाढ अमावास्येला, म्हणजे गटारीला, भरपूर पिऊन आणि मटण खाऊन श्रावणात सगळे बंद करायची रीत पुणे जिल्ह्यात अनेक घरांत आहे. देहू आणि आळंदी भोसरीपासून हाकेच्या अंतरावर असल्याने माळ घालून कायमची सोडणारेही येथे पुष्कळ. माळेमागे घर असते, दिंडी असते, सोबतचे माळकरी असतात. त्या बळावर अनेकांची दारू खरोखर सुटली आहे आणि वैद्यकाने या बळाला कमी लेखू नये. मात्र वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एका दिवसात बंद केली, तर 6 ते 8 तासांत थरथर सुरू होते, 12 ते 48 तासांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होऊन तो भिंतीवर किडे दिसतात असे सांगू लागतो. ही शेवटची अवस्था उपचारांवाचून जीवघेणी ठरू शकते. घरच्यांना ती बाहेरची बाधा वाटते आणि रुग्णालयाऐवजी देवऋषी गाठला जातो. अशा माणसाने संकल्प जरूर करावा, पण आधी डॉक्टरांना भेटावे. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखी औषधे काही दिवस उतरत्या मात्रेत दिली, तर हा टप्पा बऱ्यापैकी सुखरूप पार पडतो.

ताटाचा संबंध येथपासूनच येतो. दारूमुळे शरीरातले थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-1, संपत येते. अन्नातल्या साखरेचे ऊर्जेत रूपांतर करायला हेच जीवनसत्त्व लागते. अशक्त दिसतो म्हणून घरच्यांनी ग्लुकोजचे सलाईन लावायला सांगितले आणि थायमिन दिलेच नाही, तर उरलेसुरले थायमिनही खर्च होऊन मेंदूला इजा होऊ शकते. डोळे हलू लागतात, तोल जातो, स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून आधी थायमिन, मग ग्लुकोज, हा क्रम व्यसनमुक्तीच्या वॉर्डात कटाक्षाने पाळतात.

‘न सांगता दारू सोडवा’ अशी पत्रके बसस्थानकावर आणि खांबांवर दिसतात. पिणाऱ्याच्या जेवणात गुपचूप मिसळायची पूड विकत घेणाऱ्या बायका-आया थोड्या नाहीत आणि त्यांची हतबलता खरी आहे. अशा पुडीत काय आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असेलच असे नाही. त्यात डायसल्फिराम असेल, तर धोका थेट आहे. हे औषध दारू पचवण्याची वाट मध्येच अडवते. त्यावर दारू घेतली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो आणि हृदय कमकुवत असलेला माणूस दगावू शकतो. रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले, तर तेच औषध उपयोगी पडते. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही औषधेही उपलब्ध आहेत. त्यांची माहिती फार थोड्या कुटुंबांपर्यंत पोचते, ही खेदाची गोष्ट.

औषधांनी शरीर सावरते. पुन्हा न पिण्याची तयारी माणसांच्या सोबतीने होते. पुण्यात येरवड्याला 29 ऑगस्ट 1986 रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. लेखक अनिल अवचट यांनी गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) व्यसनावर केलेले लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली आणि डॉ. अनिता अवचट यांनी केंद्राची घडी बसवली. औषधांच्या जोडीला श्रमदान, योग, गटचर्चा, कुटुंबाचे समुपदेशन आणि बऱ्या झालेल्यांनीच नव्यांना हात देणे, असे तेथील कामाचे स्वरूप आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमस (एए) ही चळवळ 1935 साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावात सुरू झाली. तिच्या बैठकांना फी नाही आणि आडनाव सांगावे लागत नाही. ‘फक्त आजचा दिवस’ न पिण्याचा निश्चय करायचा आणि उद्याचे उद्या, ही तिची रीत. नातेवाइकांसाठी अल-अ‍ॅनॉन हे वेगळे गट आहेत.

दारू थांबल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गोड खाण्याची तीव्र इच्छा होते. जिलेबी, क्रीमरोल, थंड पेये यांकडे हात वळतो. दारूने मेंदूतला जो आनंदाचा मार्ग सवयीने रुंद केलेला असतो, त्याच मार्गावर साखरही काम करते. या काळात थोडे गोड खाल्ले म्हणून ओरडू नये; तलफ परतवायला ते मदत करते. मात्र चार-सहा महिन्यांनीही तेच चालू राहिले, तर वजन आणि साखर दोन्ही चढतात आणि ‘दारू सोडली आणि तब्येत बिघडली’ अशी तक्रार सुरू होते. याची उलट बाजूही नोंदली गेली आहे. जठराला वळसा देणाऱ्या बायपास शस्त्रक्रियेने ज्यांचे खाणे कमी झाले, त्यांच्यातील काहींचे दारू पिणे पुढे वाढले. एक व्यसन आवरले की दुसरे त्याच्या जागी येऊ पाहते, एवढे लक्षात ठेवून दोन्हीकडे एकाच वेळी पाहावे लागते.

खाण्याला व्यसन म्हणावे का, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या 2013च्या वर्गीकरणात ‘अन्नाचे व्यसन’ असा आजार नाही. थोड्या वेळात ताबा सुटून प्रचंड खाणे आणि नंतर अपराधी वाटणे, या विकाराला मात्र त्यात स्वतंत्र स्थान मिळाले. 2009 साली येल विद्यापीठातील संशोधकांनी अन्नाच्या तलफेची मोजपट्टी तयार केली. तिच्यातले प्रश्न दारूच्या निदानासारखेच आहेत: ठरवल्यापेक्षा जास्त खाल्ले जाते का, थांबण्याचे प्रयत्न फसतात का, त्रास होतोय हे कळूनही चालू राहते का. तलफ उठते ती सहसा मैदा, साखर, मीठ आणि तळण एकत्र आलेल्या पदार्थांची. दोडक्याच्या भाजीचे व्यसन कोणाला लागल्याचे ऐकिवात नाही. 2019 साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत 20 जणांना आळीपाळीने दोन आठवडे कारखान्यातले तयार खाणे आणि दोन आठवडे घरगुती पद्धतीचे जेवण हवे तेवढे दिले. तयार खाण्याच्या दिवसांत त्यांनी रोज सरासरी 500 उष्मांक जास्त खाल्ले.

दारू पूर्ण बंद करता येते. अन्न रोज तीनदा समोर येते. खाण्याची शिस्त दारू सोडण्यापेक्षा अवघड जाते, ती याच कारणाने. फरसाण, बेकरीचे पदार्थ, थंड पेये असे तलफ उठवणारे चार-पाच पदार्थ घरात आणायचेच नाहीत आणि बाकीचे जेवण वेळेवर, पोटभर घ्यायचे, हा मार्ग बहुतेकांना झेपतो. उपास आणि टोकाचे डाएट नुकती दारू सोडलेल्याने टाळावे, कारण भूक हीच तलफेची पहिली ठिणगी ठरते. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळांना सावध राहा, असे एएमधील जुनेजाणते नव्यांना सांगतात. शिफ्ट सुटताना यांपैकी निदान दोन हजर असतातच. म्हणून सुटण्याआधी अर्धा तास मूठभर भाजलेले चणे-शेंगदाणे किंवा डब्यातली उरलेली भाकरी खाणे, ही बारच्या वाटेवरची खरी अडवणूक आहे.

नाईट शिफ्टचा प्रश्न थोडा वेगळा. झोप कमी पडली की भूक वाढवणारे संप्रेरक वाढते आणि पोट भरल्याची खूण देणारे घटते. रात्री इन्सुलिनचे कामही मंदावते. मुख्य जेवण कामावर जाण्याआधी, मध्यरात्री उसळ-भाकरी किंवा दही-पोहे असे हलके खाणे आणि सकाळी थोडेसे खाऊन अंधाऱ्या खोलीत झोप, ही मांडणी शरीराला मानवते. झोप यावी म्हणून सकाळी घेतलेली नाईन्टी झोप लावते खरी, पण तीच झोप उथळ करून मधेच मोडते.

शरीर किती लवकर सावरते, हे सांगितले तर धीर येतो. यकृतावरची साधी चरबी दारू पूर्ण थांबल्यावर चार-सहा आठवड्यांत बरीच उतरू शकते आणि यकृताचा त्रास दाखवणारे रक्तातील जीजीटी हे विकरही सहसा तेवढ्याच काळात खाली येते. रक्तदाब उतरतो, झोप हळूहळू खोल होते. सिऱ्हॉसिसपर्यंत गेलेले यकृत पूर्ववत होत नाही. तरीही दारू थांबवल्याने आयुष्य वाढते.

पुन्हा घसरणे हा या आजाराचा नेहमीचा भाग आहे. मधुमेह्याची साखर वाढली तर उपचार बंद करत नाहीत, तसेच येथेही. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दारूवर अवलंबून असलेल्या दर 38 जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतात. उपचारांची चौकशी करायला पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. ईएसआयचा विमा असलेल्या कामगाराला आजारपणाच्या रजेत ठरावीक दिवस सरासरी रोजाच्या 70 टक्के भत्ता मिळतो, त्यामुळे उपचारांसाठी पगार बुडेल ही भीती काहीशी कमी होते. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा 14416, हे दोन्ही सरकारी फोन क्रमांक मोफत आहेत आणि ते घरच्यांनाही वापरता येतात.